हिवाळ्यातले रस्ते आणि गाडीचे शॉकअप

आमच्या शिरोळ तालुक्यात रस्ते पावसाळ्यात बिघडतात, पण त्यांचा खरा त्रास हिवाळ्यात सुरू होतो. खाली काळी जमीन आहे. ती पावसात फुगते, वाळली की आकसते, आणि वरचं डांबर लाटेसारखं वरखाली होतं. त्यात गळीत हंगाम सुरू होतो. उसाने भरलेल्या ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर कारखान्याकडे निघतात आणि खड्ड्यांच्या कडा आणखी तुटत जातात.

याच रस्त्याने मला अम्मीला दर पंधरा दिवसांनी मिरजेला न्यावं लागतं. तिची हाडं ठिसूळ झाली आहेत, मणक्याला फ्रॅक्चर आहे. धक्के बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं आहे. गाडी जुनी, साधी हॅचबॅक. त्यामुळे सस्पेन्शनला कोणते पार्ट टाकायचे, हा माझ्यासाठी हौसेचा प्रश्न नव्हता.

एका दुकानात स्प्रिंगच्या वेटोळ्यांत अडकवायचे रबरी बफर दाखवले. स्वस्त, आणि गाडी उंच होते. उर्दूत शिक्षकाला उस्ताद म्हणतात, तसं गॅरेजातल्या जाणत्या मेकॅनिकलाही म्हणतात. आमच्या गॅरेजच्या उस्तादांना मी बफरचं विचारलं. ते म्हणाले, "सर, गाडी उंच करायची की अम्मीला आरामात न्यायचं, ते आधी ठरवा."

मग त्यांनी समजावलं. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि खड्ड्यात दबते. बफर अडकवला की तिला दबायला जागा कमी उरते. ती कडक होते आणि उरलेला धक्का बॉडीत, म्हणजे बसणाऱ्याच्या पाठीत जातो. शॉकअपचं काम वेगळं. दबलेली स्प्रिंग पुन्हा पुन्हा उसळू नये म्हणून तो आतल्या तेलातून तिचा जोर जिरवतो. सलग खराब रस्त्यावर हे तेल फेसाळतं आणि शॉकअप ढिला पडतो. गॅस भरलेल्या शॉकअपमध्ये दाबामुळे फेस कमी होतो.

आमच्या गाडीच्या स्प्रिंगा शाबूत होत्या, दोन्ही बाजूंची उंची सारखी होती. त्या तशाच ठेवल्या. पुढचे दोन्ही शॉकअप कंपनीच्या मापाचे, गॅसचे घेतले. एकच बदलला असता तर दोन चाकं दोन तऱ्हेने वागली असती. सोबत वरचे माउंट, लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश बदलले. पॉलियुरेथेनचे बुश जास्त टिकतात, पण हादरे आत आणतात, म्हणून रबराचेच घेतले. बुशचे बोल्ट उस्तादांनी गाडी चाकांवर उभी करूनच शेवटचे आवळले. चाकं लटकती असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. शेवटी व्हील अलाइनमेंट केली.

टायरचंही तसंच. १६५/८० आर१४ टायरची बाजूची उंची १६५ मिलिमीटरच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिलिमीटर. भाचा म्हणत होता, "मामू, अलॉय टाका, १९५/५५ आर१६ चे." चाक बाहेरून जवळपास तेवढंच दिसतं, पण रबराची उंची १०७ वर येते. खड्डा झेलणारं २५ मिलिमीटर रबर गेलं आणि रिम वाकण्याची भीती वाढली. चौदा इंचीच ठेवले. हवा कंपनीने सांगितली तेवढीच, टायर थंड असताना भरतो.

अम्मी आता पुढच्या सीटवर बसते. मागची सीट मागच्या चाकांच्या जवळ असते, तिथे उसळी जास्त लागते.

रस्ता अजून तसाच आहे. ट्रॉलीमागे तीसच्या वेगाने जावं लागतं, आणि कोणताही पार्ट त्याहून जोरात पळायची परवानगी देत नाही. पण परतताना अम्मीला डोळा लागतो, पूर्वी ती सीटची कड धरून बसायची. सब्र म्हणजे दगडासारखं कडक होणं नव्हे, असं मी वर्गात सांगतो. धक्का घ्यायचा, पण पुढच्याला पोचू द्यायचा नाही. सस्पेन्शन निवडताना गाडी कशी दिसेल ते नंतर बघा, तिच्यात सगळ्यांत नाजूक माणूस कोण बसणार ते आधी बघा.