बंदिवासाची मुदत

युद्धाचे कायदे ही कल्पनाच अनेकांस हास्यास्पद वाटते. रणांगणावर माणसे मारण्याची मुभा द्यायची आणि हाती सापडलेल्या शत्रूला मात्र साबण, पोटभर अन्न आणि घरी पत्र लिहिण्याची सोय मिळालीच पाहिजे असा आग्रह धरायचा, यात विसंगती आहे हे आम्हीही नाकारीत नाही. परंतु माणूस पशूहून वेगळा ठरतो तो अशाच काही विसंगतींमुळे, असे आम्हांस वाटत आले आहे.

१९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराची १४३ कलमे युद्धकैद्यांविषयी आहेत. वाचावयास ती रुक्ष आहेत, पण त्यांच्या मुळाशी असलेली कल्पना विलक्षण आहे. शस्त्र खाली ठेवलेला सैनिक हा गुन्हेगार नव्हे. त्याने युद्धगुन्हा केला असेल तर त्याच्यावर खटला चालवावा. एरवी त्याला अडकवून ठेवायचे ते केवळ तो पुन्हा लढावयास जाऊ नये म्हणून. म्हणजेच ही कैद शिक्षा नव्हे, आणि शिक्षा नसल्यामुळेच तिला मुदत असली पाहिजे. ११८ वे कलम ती सांगते : प्रत्यक्ष लढाई थांबली की कैद्यांना विनाविलंब सोडून मायदेशी पाठवावे. ७० व्या कलमानुसार छावणीत आल्यापासून फार तर आठवड्याभरात आपण कोठे आहोत हे घरी कळविण्याची सोय कैद्याला मिळावयास हवी. माणूस बंदिवान झाला तरी तो नाहीसा होता कामा नये, एवढाच याचा अर्थ.

आमच्या पिढीच्या कानांवर ‘युद्धकैदी’ हा शब्द पडला तो १९७१ च्या डिसेंबरात. ढाक्यातील शरणागतीनंतर सुमारे ९३ हजार पाकिस्तानी भारताच्या ताब्यात आले. त्यांत सैनिकांबरोबर काही नागरिकही होते. विजयाचा कैफ ओसरल्यावर घराघरांतून एक प्रश्न ऐकू येई : यांना पोसायचे तरी किती दिवस? तो विचारणाऱ्यांना मुख्यतः खर्चाची चिंता होती, तरी कायद्याचा प्रश्नही नेमका हाच होता. १७ डिसेंबर १९७१ रोजी पश्चिम आघाडीवरील लढाईही थांबली. पण शेवटचे कैदी परतले ते एप्रिल १९७४ मध्ये. ही शरणागती भारत आणि बांगलादेश यांच्या संयुक्त सेनेपुढे झाली असल्याने बांगलादेशाच्या संमतीवाचून सुटका नाही, अशी भारताची भूमिका होती. १९५ जणांवर युद्धगुन्ह्यांचे खटले चालवावेत, असा बांगलादेशाचा आग्रह होता. पाकिस्तान मे १९७३ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. अखेर ते १९५ जणही खटल्याविना परत गेले. पूर्व बंगालमध्ये जे घडले ते पाहता हा न्याय म्हणावा काय, हा सल आजही बोचतो. भारताचा विलंबही ११८ व्या कलमात सहज बसत नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे : ते सर्व ‘युद्धकैदी’ म्हणून ओळखले गेले, आणि त्यांची कैद संपली.

तीस वर्षांनी या शब्दालाच बगल देण्यात आली. ११ जानेवारी २००२ रोजी क्यूबातील ग्वांतानामो येथील अमेरिकी तळावर पहिले बंदिवान आणले गेले. त्यांना युद्धकैदी म्हटले नाही, कारण मग जिनिव्हाची कलमे लागू झाली असती. आरोपीही म्हटले नाही, कारण मग न्यायालय आणि पुरावा आला असता. उरला शब्द तो ‘स्थानबद्ध’. मराठी वाचकास तो आणीबाणीतील मिसाबंदींमुळे चांगलाच परिचित आहे : आरोप नाही, खटला नाही आणि सुटकेचा दिवसही नाही. ग्वांतानामोत एकंदर सुमारे ७८० जण ठेवले गेले. त्यांची नावे अमेरिकी सरकारने प्रसिद्ध केली ती २००६ मध्ये, तीही एका वृत्तसंस्थेने न्यायालयात धाव घेतल्यावर. जिनिव्हाच्या त्या आठवड्याची येथे चार वर्षे झाली.

यावर जो प्रतिवाद केला जातो तो पोकळ नाही. ज्यांना गणवेश नाही, ज्यांच्या पाठीशी राज्य नाही, जे नागरिकांनाच लक्ष्य करतात, त्यांना सैनिकाचा मान का द्यावा? सोडल्यावर ते पुन्हा शस्त्र उचलणार नाहीत कशावरून? सुटलेल्यांपैकी काहींनी ते उचलले, असे अमेरिकी सरकारचेच अहवाल सांगतात. परंतु करारात अशा शंकेचीही सोय आहे. दर्जाविषयी संशय असेल तर सक्षम न्यायाधिकरण निर्णय देईपर्यंत युद्धकैद्याचे संरक्षण द्यावे, असे पाचवे कलम सांगते. आणि धोक्याचे म्हणाल तर तो प्रत्येक सुटकेत असतो. भारताने परत पाठविलेल्या हजारो सैनिकांपुढे पुन्हा गणवेश चढविण्याची वाट मोकळीच होती; तरीही त्यांना पाठविले गेले.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला वेळोवेळी आवर घातला, हेही नमूद केले पाहिजे. २००४ च्या हमदी खटल्यात न्यायमूर्ती सँड्रा डे ओ’कॉनर यांनी युद्ध म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या हाती दिलेला कोरा धनादेश नव्हे, अशा आशयाचा निर्वाळा दिला. २००८ च्या बूमेदियन खटल्याने या बंदिवानांनाही हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे आपल्या कैदेला न्यायालयात आव्हान देण्याचा, हक्क असल्याचे मान्य केले. पण हक्क मान्य होणे वेगळे आणि दार उघडणे वेगळे.

या साऱ्यात हल्ल्याच्या बळींनाही न्याय मिळालेला नाही. ११ सप्टेंबर २००१ च्या कटाचा प्रमुख आरोपी खालिद शेख मोहम्मद मार्च २००३ मध्ये पकडला गेला. त्याला पाण्याने गुदमरवून छळण्याचा प्रयोग १८३ वेळा केला गेला. त्या छळाची छाया पुढे प्रत्येक जबाबावर पडली आणि खटल्याची मुख्य सुनावणी २०२५ पर्यंतही सुरू होऊ शकली नाही. कायदा बाजूला सारल्याने न्याय लवकर मिळतो, या समजुतीला याहून चोख उत्तर कोणते द्यावे?

संपण्याचा दिवस नसलेल्या युद्धात ११८ वे कलम मुके होते, ही आजची खरी अडचण आहे. दहशतवादाविरुद्धच्या युद्धाचा तह कोण कोणाशी करणार? अशा वेळी मुदत लढाईवर सोपवून चालणार नाही. ती न्यायालयानेच ठरवावी लागेल, आणि ठराविक काळाने पुन्हा तपासावी लागेल. जानेवारी २०२५ मध्ये ग्वांतानामोत १५ जण उरले होते. त्यांपैकी तिघांना अन्य देशांच्या स्वाधीन करण्यास हरकत नाही, असे अमेरिकेनेच ठरविले होते. आणि ते आतच होते.