गाणे कोणाच्या मालकीचे?

अपत्यशोकावर मराठीत थोडे लिहिले गेलेले नाही. गडकऱ्यांनी गोविंदाग्रज या नावाने लिहिलेल्या ‘राजहंस माझा निजला’ या कवितेत मांडीवरचे मृत बाळ झोपलेच आहे असे मानणारी माता आहे. ती माता वेडी नव्हे, हे ज्याच्या घरातून मूल गेले आहे त्याला निराळे सांगावे लागत नाही.

आमची कन्या सातव्या वर्षी तापाचे निमित्त होऊन गेली. त्याला आता सहा वर्षे होतील. अंत्रुज महालातील इतर घरांप्रमाणे आमच्याही घरी गाणे दोन भाषांत नांदे. आजी तिला कोंकणीत जोजवी, आई मराठी बालगीते शिकवी. ‘देवबाप्पा’ (१९५३) या चित्रपटातले ‘नाच रे मोरा’ तिच्या विशेष आवडीचे. शब्द माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांड्यांची, स्वर आशा भोसल्यांचा. पण तिच्या लेखी ते गाणे आईचे होते. पाडगांवकरांच्या ‘सांग सांग भोलानाथ’मधला भोलानाथ म्हणजे आपल्या देवळातला महादेव, अशी तिची ठाम समजूत होती. सोमवारी पालखी निघाली की ती आपले प्रश्न प्रत्यक्ष देवापुढेच मांडी आणि उत्तराची वाट पाहत उभी राही.

ती गेल्यावर वाड्यावरच्या मंडळींनी न सांगता एक पथ्य पाळले. आम्ही दोघे असलो की देवळातल्या मुलांच्या कार्यक्रमातून ती दोन गाणी वगळली जात. त्यामागची माया आम्हांला कळत होती. तरीही, तिचे नाव कोणी घेत नाही, त्यात आता तिची गाणीही अबोल झाली, असे मनात येई.

माझा व्यवसाय पुराव्याचा. ऐकीव गोष्ट न्यायालयात सहसा चालत नाही. परंतु मृत व्यक्तीचे बोलणे काही ठरावीक प्रसंगी ग्राह्य धरले जाते. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या ३२ व्या कलमात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती आहे. साक्षीदाराला पुन्हा बोलावता येत नाही, म्हणून त्याचे शब्द जपायचे, हा त्यातला विचार. माझ्या फोनमध्ये कन्येच्या आवाजाची चाळीस सेकंदे आहेत. ती मी अशीच जपली आहेत. फारशी ऐकत नाही.

माझी पत्नी मात्र निराळ्या मार्गाने गेली. गेल्या वर्षी उत्सवाच्या तयारीला जमलेल्या बायकांना ती म्हणाली, “माझी बाय गेली, तिची गाणी गेली नाहीत. पोरांना म्हणू द्या.” कोणी काही बोलले नाही. उत्सवाच्या रात्री पाच-सहा वर्षांची एक मुलगी सभामंडपात मोराचे गाणे म्हणू लागली आणि दुसऱ्या कडव्याशी अडखळली. सगळे स्तब्ध झाले. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून पुढचा शब्द आला. तो माझ्या पत्नीचा आवाज होता. मुलीने तो शब्द उचलला आणि गाणे पुरे केले.

मालकीहक्काचे दावे मी पुष्कळ चालवले आहेत. जमीन वारसाकडे जाते, ज्याला वारस नाही त्याची ती सरकारजमा होते. गाण्याला असा कायदा नाही. ज्याला पुढचा शब्द हवा असेल, त्याला तो द्यायचा असतो.