पडद्याची डावी बाजू

पक्षाघात म्हणजे मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक खंडित होणे, मग तो रक्तवाहिनीत गुठळी अडकल्यामुळे होवो किंवा रक्तवाहिनी फुटल्यामुळे. आणि पुनर्वसन म्हणजे त्यातून वाचलेल्या माणसाला चालणे, जेवणे, बोलणे, कपडे घालणे पुन्हा जमावे यासाठी नेटाने करून घेतलेला सराव. मेंदूच्या शाबूत राहिलेल्या भागांत नवे संबंध जुळू शकतात, या गुणाला मेंदूची लवचीकता म्हटले जाते आणि सगळे पुनर्वसन तिच्याच भरवशावर उभे असते. सर्वाधिक सुधारणा साधारणपणे पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, परंतु नेमक्या याच काळाचा बहुतांश भाग रुग्ण रुग्णालयात नव्हे तर घरी काढतो. वयोवृद्धांसाठी तयार होणारी मोबाइल आरोग्य ॲप्स ही पोकळी भरून काढू पाहतात: रोजचा व्यायाम चित्रफितीतून दाखवणे, औषधाची वेळ सांगणे, रक्तदाब नोंदवणे, पावले मोजणे अशी कामे ती करतात.

कात्रजसारख्या उपनगरात अशा साधनाची गरज पटवून द्यावी लागत नाही. पुणे–सातारा रस्त्याच्या या टोकाला डॉक्टरांची वा रुग्णालयांची वानवा नाही. तरीही अर्धे अंग लुळे पडलेल्या सत्तरीतल्या माणसाला जिन्यावरून उतरवणे, रिक्षात बसवणे, कात्रज चौकाच्या कोंडीतून फिजिओथेरपिस्टकडे नेणे आणि तितक्याच कष्टाने परत आणणे यात व्यायामाइतकीच शक्ती खर्ची पडते, शिवाय घरातल्या एका माणसाची अर्धी रजा जाते. प्रस्तुत लेखिकेच्या सासऱ्यांना, ज्यांना घरात सगळे अण्णा म्हणतात, पक्षाघात झाल्यानंतर कुटुंबाने ॲपचा आधार घेतला तो याच अडचणीमुळे, आणि पुढील विवेचन त्या अनुभवावर आधारलेले आहे.

अण्णांच्या मेंदूचा उजवा भाग बाधित झाला होता, म्हणून डावा हात आणि डावा पाय निकामी झाले, कारण मेंदूचा प्रत्येक अर्धा भाग शरीराच्या विरुद्ध बाजूचे नियंत्रण करतो. एवढे घरातल्या सर्वांना समजले होते. समजायला वेळ लागला तो दुसऱ्या परिणामाला, ज्याला वैद्यकात एकांगी दुर्लक्ष म्हणतात: डोळे धड असूनही मेंदू एका बाजूच्या जगाची दखलच घेत नाही. ताटातली उजवीकडची भाजी संपवून अण्णा आणखी भाजी मागत, तेव्हा डावीकडची कोशिंबीर आणि चटणी जशीच्या तशी असे. दाढी उजव्या गालाची होई. सदऱ्याची डावी बाही खांद्यावरून लोंबत राही आणि त्याचे त्यांना काही वाटत नसे. असा रुग्ण हट्टी किंवा वेंधळा झाला आहे असा नातेवाइकांचा समज सहज होतो, आणि त्या समजाने होणारे नुकसान आजाराच्या नुकसानाहून कमी नसते. म्हणूनच घरी पाठवताना या लक्षणाची स्पष्ट कल्पना कुटुंबाला देणे फार आवश्यक आहे.

मोबाइलचा पडदाही याला अपवाद नव्हता. मागे जाण्याचा बाण, पर्यायांची यादी उघडणाऱ्या तीन रेघा आणि दिवसाचा पहिला व्यायाम हे सगळे ॲपने डाव्या बाजूला मांडलेले होते, आणि अण्णांच्या लेखी ती बाजू अस्तित्वातच नव्हती. “हा फोन अर्धाच चालतो,” अशी त्यांची तक्रार होती आणि त्यांच्या बाजूने ती अगदी खरी होती. सूचना मराठीत उपलब्ध होत्या, अक्षरेही मोठी करता येत होती. तथापि ‘डावा हात हळूहळू वर उचला’ ही ओळ ते मधूनच वाचायला सुरुवात करीत, त्यामुळे त्यांच्यापर्यंत फक्त ‘हळूहळू वर उचला’ एवढेच पोहोचत असे आणि ते मन लावून, दम घेत, उजवा हात उचलत राहत. ज्या हातासाठी ॲप होते तो हात मांडीवर निपचित पडलेला असे आणि पडद्यावर ‘शाबास’ ही अक्षरे उमटत.

यावरचा उपाय अण्णांच्या फिजिओथेरपिस्टनी, म्हणजे घरच्यांच्या फिजिओ मॅडमनी, सुचवला, आणि त्याला लागले ते स्टेशनरीच्या दुकानातल्या लाल चिकटपट्टीचे एक रीळ. फोनच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत लाल पट्टी चिकटवायची, आणि प्रत्येक ओळ वाचण्याआधी ती पट्टी दिसेपर्यंत नजर डावीकडे न्यायची असा नियम घालून द्यायचा. पुनर्वसनशास्त्रात हे तंत्र जुने असून कागदाच्या डाव्या समासात लाल रेघ ओढून ते वाचनासाठी वापरले जाते. त्यामुळे दुर्लक्षित बाजूला नजरेला नांगर मिळतो. सुरुवातीला फोन अण्णांच्या उजव्या हाताशी ठेवला जाई, नंतर तो हळूहळू मध्यावर आणि पुढे थोडा डावीकडे सरकवला गेला. “अण्णा, लाल पट्टी सापडली का?” हे वाक्य घरात इतके रुळले की नातवंडेही ते म्हणू लागली. काही आठवड्यांनी ताटाची डावी कड अण्णा स्वतः बोटाने चाचपू लागले. या सुधारणेतला वाटा पट्टीचा किती, काळाचा किती आणि मेंदूच्या आपोआप होणाऱ्या भरपाईचा किती हे वेगळे काढणे शक्य नाही, परंतु ॲप वापरण्याजोगे झाले ते पट्टीमुळे, हे निश्चित.

पावले मोजण्याच्या सोयीने मात्र उपकारापेक्षा अपकारच अधिक केला. फोनमधील गतिसंवेदक, म्हणजे हालचालीचे हिसके टिपणारा सूक्ष्म भाग, निरोगी माणसाच्या चालीचा ठेका ओळखण्यासाठी जुळवलेला असतो. काठीच्या आधाराने सावकाश फरफटत टाकलेले पाऊल त्याच्या गणतीत अनेकदा येतच नाही. सदऱ्याच्या खिशात फोन ठेवून, भिंतीला धरून अण्णा मजल्यावरच्या बोळाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेले आणि परतले, घामाघूम झाले, आणि ॲपने पावलांपुढे शून्य दाखवले. एके काळी रोज पहाटे कात्रजच्या तलावाकडे फिरायला जाणाऱ्या माणसाला त्या शून्याने जे सांगितले ते पुसायला पुष्कळ दिवस लागले. त्यानंतर पावले मोजणे बंद करून प्रत्येक फेरीमागे कालनिर्णयच्या चौकटीत पेन्सिलीची रेघ मारण्याची पद्धत सुरू झाली. वृद्ध रुग्णाला चुकीचा आकडा दाखवण्यापेक्षा आकडा न दाखवणे केव्हाही बरे, आणि हे तत्त्व अशी साधने घडवणाऱ्यांनी कटाक्षाने पाळायला हवे.

भारतात या दिशेने गंभीर प्रयत्न झालेले आहेत. मागील दशकात चेन्नईत विकसित झालेला ‘केअर फॉर स्ट्रोक’ हा उपक्रम स्मार्टफोनवरून माहिती आणि व्यायाम देतो आणि काळजी घेणाऱ्या व्यक्तीला मुळातच त्या रचनेचा भाग मानतो, ही त्याची महत्त्वाची बाजू होय. मात्र घरच्यांना थोडेसे शिकवले की काम झाले, असे मानायलाही जागा नाही: १४ रुग्णालयांतील १२५० रुग्णांवर झालेल्या ‘अटेंड’ या भारतीय चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा कुटुंबीयांना प्रशिक्षण देऊन घरी करवून घेतलेल्या पुनर्वसनाने सहा महिन्यांनंतरचे मृत्यू वा परावलंबित्व नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत कमी झाल्याचे आढळले नाही. प्रश्न केवळ शहरांचाही नाही, कारण गडचिरोलीच्या ८६ गावांतील अभ्यासात पक्षाघात हे मृत्यूचे सर्वांत मोठे कारण असल्याचे २०१५ मध्ये दिसून आले, आणि तेथे फिजिओथेरपिस्टपर्यंतचे अंतर कात्रज चौकाच्या कोंडीपेक्षा कितीतरी अवघड आहे.

कात्रजच्या घरात अखेर जी व्यवस्था टिकली ती संमिश्र होती. ॲपमधील चित्रफीत व्यायामाचा क्रम दाखवी. अण्णांशेजारी कोणीतरी बसे, कारण हात पुढे नेताना रुग्ण खांदा उचलून आणि धड झुकवून वेळ मारून नेतो आणि ही चुकीची भरपाई ॲपच्या गणतीत बिनचूक फेरी म्हणूनच जमा होते. आणि आठवड्यातून एकदा त्याच व्यायामाचे चित्रण व्हॉट्सॲपवर फिजिओ मॅडमना पाठवले जाई, ज्यावर “खांदा खाली, कोपर सरळ” असे नेमके उत्तर येई. ते उत्तर फिरून फिरून ऐकण्यात अण्णांना जो हुरूप वाटे तो ॲपच्या कोणत्याही शाबासकीने वाटला नाही. शेजारी बसणारी व्यक्ती बहुधा घरातली बाईच असते, तिच्या पाठीचे, झोपेचे आणि नोकरीचे काय होते याची नोंद घेणारा रकाना मात्र ॲपमध्ये नव्हता, आणि ही उणीव लहान समजता येणार नाही.

फोनचा निर्विवाद उपयोग झाला तो गोळ्यांच्या आणि रक्तदाबाच्या बाबतीत. भारतातील ३१ केंद्रांवर ४२९८ रुग्णांचा समावेश असलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्प्रिंट इंडिया’ या चाचणीत संदेश, चित्रफिती आणि पुस्तिका यांच्या साहाय्याने वर्षभरात पुन्हा पक्षाघात वा हृदयविकार होण्याचे प्रमाण घटले नाही, परंतु औषधे नियमित घेण्यात सुधारणा झाली. कात्रजचा अनुभव याच्याशी जुळतो. सकाळच्या गजराबरोबर गोळी आणि त्यापाठोपाठ दंडावर बांधायच्या यंत्राने घेतलेला रक्तदाब यांची नोंद सूनच करीत असे. त्या आकड्यांतून सकाळचा दाब सातत्याने चढा असल्याचे ध्यानात आले, आणि तपासणीच्या दिवशी डॉक्टरांनी ती यादी पाहून गोळीची मात्रा आणि वेळ दोन्ही बदलली.