धुळीखालची ओम्नी

ओम्नी चालवलेल्या माणसाला एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. इंजिन आपल्या बुडाखाली असतं! बॉनेट उघडून ऐटीत आत डोकावणं वगैरे इथे नाही. पुढची सीट उचलायची, की खाली तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं ते इवलंसं यंत्र. उन्हाळ्यात पोटऱ्या शेकून निघतात, ते वेगळंच.

१९८४ साली ही 'मारुती व्हॅन' म्हणून आली, १९८८मध्ये तिचं नाव ओम्नी झालं आणि २०१९मध्ये तिचं उत्पादन थांबलं. आमच्या घरी मात्र ती आजही 'व्हॅन'च. १९९८ची, कार्ब्युरेटरवाली. पंधरा वर्षं झाल्यावर २०१३मध्ये नोंदणी वाढवून घेतली, मग २०१८, मग २०२३. बाबा आता शहात्तरचे. आईच्या गुडघ्यांच्या व्यायामासाठी दर मंगळवारी तिला याच गाडीतून रत्नागिरीला नेतात. दादाचं म्हणणं, भंगारात काढा. बाबांचं म्हणणं, "आधी गाडी बघा, मग बोला." म्हणून यावेळी गावी गेले तेव्हा म्हटलं, बघूयाच.

सीट उचलली आणि आत नुसता कोकण! जांभ्याची तांबडी धूळ, आंब्याची वाळकी पानं, आणि एका कोपऱ्यात काथ्या-कागदाचं उंदराचं घर. नाक्यावरच्या वॉशिंगवाल्याने लगेच तोडगा सांगितला, "प्रेशरने पाणी मारू, दहा मिनिटांत चकाचक." बाबा तयार होते. मी नको म्हटलं. जुन्या गाडीच्या वायरींवरचं आवरण वाळून तडकलेलं असतं. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात पाणी शिरलं तर गाडी सुरूच होत नाही, आणि अल्टरनेटरला तर जोराचा फवारा अजिबात मानवत नाही.

मग आमचा कारखाना अंगणात, उघड्या हवेत सुरू झाला. इंजिन पूर्ण थंड, किल्ली बाबांच्या खिशात. बॅटरीची आधी निगेटिव्ह तार काढली (बसवताना ती सगळ्यात शेवटी). मास्क आणि रबरी हातमोजे घातले. उंदराचं घर कोरडं झाडायचं नाही, आधी ओलं करून घ्यायचं, म्हणजे त्यातली घाण हवेत उडत नाही. आमच्याकडे पावसाळा आला की लेप्टोची भीती असतेच, त्यामुळे हे आईलाही लगेच पटलं. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि अल्टरनेटरला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधल्या. आणि मग रंगाचा जुना ब्रश घेऊन वरून खाली, हळूहळू.

बाबा म्हणाले, "अगं, व्हॅक्यूम क्लीनर लाव की, कशाला एवढं?" मी आधी वास घेत होते. पेट्रोलचा जरासा जरी वास असेल तरी तो लावायचा नाही, त्याच्या मोटारीत ठिणग्या पडतात. आणि वास होता. अगदी पुसट, पण होता.

ब्रशला धूळ सगळीकडे भुरभुरत सुटत होती. एकाच जागी सुटेना. पेट्रोलच्या रबरी नळीवर, क्लिपच्या शेजारी, ती ओलसर होऊन थापून बसली होती. फडक्याने पुसलं तर खाली केसाएवढ्या चिरा. रबर पंचवीस-सव्वीस वर्षांत म्हातारं होणारच, त्याचा दोष कुणाला द्यायचा? पण ती नळी होती आईच्या सीटखाली.

पाणी मारलं असतं तर? धूळ गेली असती, तो डाग गेला असता, वासही आठवडाभर गेला असता. गाडी चकचकीत दिसली असती आणि मंगळवारी दोघं निघाले असते. धूळ म्हणजे घाण असं आपण धरून चालतो. जुन्या यंत्रावर ती नोंदवही पण असते. कुठे गळतंय, कुठे तापतंय, सगळं तिच्यात लिहिलेलं असतं, म्हणून पुसण्याआधी वाचायची.

फिटर घरी आला. पेट्रोलच्या सगळ्या नळ्या आणि क्लिपा नव्या झाल्या. तेलकट चिकटा डीग्रीझर लावलेल्या फडक्याने निघाला (रॉकेल-पेट्रोलने पुसायची जुनी सवय कृपा करून सोडा, मंडळी). पिशव्या सोडल्या, आत एकही फडकं राहिलं नाही ना ते मोजून पाहिलं, सगळं वाळू दिलं आणि मगच किल्ली फिरवली. फिटरने नळीवर बोट फिरवून दाखवलं. कोरडं.

दादाला फोन केला. भंगाराचा विषय २०२८च्या नूतनीकरणापर्यंत पुढे ढकलला आहे, पण एका अटीवर. दर सहा महिन्यांनी सीट उचलायची, नळ्या तपासायच्या आणि दादाला फोटो पाठवायचा. बाबांनी अट मान्य केली. फक्त जाता जाता म्हणाले, "माझेही गुडघे असेच बघत जा अधूनमधून. मी काही गळतोय म्हणून सांगणार नाही."