कमरेची कोयती



गेल्या हिवाळ्यात मुंबईहून भाचा आला. "मामा, प्रचितगडावर जाऊया." वनखात्याची परवानगी त्याने आधीच काढली होती. आमची कवळतोड सुरू होती. त्यामुळे कमरेला आकडी, आकडीत कोयती. तसाच शृंगारपूरला पोचलो.

पायथ्याला वनरक्षक भेटले. कागद बघितला, मग माझी कंबर. "काका, कोयती वर न्यायची नाही."

मला राग आला. "अहो, शेतकऱ्याची कोयती ही. हत्यार नव्हे."

"तुमच्या बागेत नाही. इथे आहे," ते शांतपणे म्हणाले.

कोयती गावातल्या एका घरी ठेवली. भाच्यानेही सॅकमधली सुरी गुपचूप काढून दिली. वाटेत करवंदीची जाळी आडवी आली की माझा हात आपोआप मागे जायचा. आकडी रिकामी!

घरी येऊन नियम बघितले. वनरक्षकांचं बरोबर होतं.

१) शस्त्र अधिनियम १९५९ : फक्त शेती किंवा घरकामासाठी बनवलेली वस्तू 'शस्त्र' धरत नाहीत. म्हणजे शेतातली कोयती चालते. पण ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची, अशा कामासाठी नसलेली सुरी शस्त्रांच्या यादीत येते. ट्रेकची सुरी घेताना पातं मोजा.

२) वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ : यातल्या 'शस्त्रा'त सुरीही येते. अभयारण्यात किंवा राष्ट्रीय उद्यानात ते न्यायला वेगळी लेखी परवानगी लागते. प्रचितगड चांदोलीच्या हद्दीत, म्हणजे सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात. नुसता ट्रेकचा कागद पुरत नाही.

३) महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१, कलम ३७(१) : सण, निवडणुका, आंदोलनं असली की जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. त्यात सुरी, काठी, इजा होईल अशी कुठलीही वस्तू येते. 'शेतीचं अवजार आहे' म्हणून आपोआप सुटका होईल असं धरू नका. आदेशात सूट कोणाला, ते वाचा.

कोयती तीच, पण जागा आणि दिवस बदलला की तिचं नाव बदलतं.

आता मी धार लावायला नेतानाही कोयती गोणपाटात बांधून नेतो, आणि काम झालं की थेट घरी. मनाई आदेश असेल तर बाजाराच्या दिवशी ती खुंटीलाच. पोरांनाही तेच सांगितलंय. एका कोयतीपायी कोर्टाच्या खेपा आपल्याला परवडायच्या नाहीत.