लाल फुली मारलेलं उत्तर

‘अभयारण्य म्हणजे काय?’ सहावीच्या चाचणीतला साधा प्रश्न. तेव्हा मी सोलापूरजवळच्या एका गावात शिकवत होतो. एका मुलाने उत्तर लिहिलं, ‘आमचं शेत.’ मी लाल फुली मारली, वर वर्गात वाचूनही दाखवलं. सगळी मुलं हसली. तो मात्र खाली बघत बसला.

दुसऱ्या दिवशी त्याचे आजोबा शाळेत आले. भांडायला नाही. शांतपणे म्हणाले, “गुरुजी, पोरानं खोटं न्हाई लिवलं. थोरल्या लेकीच्या लग्नाला दोन एकर इकायला काढलं हुतं. अभयारण्यातली जमीन म्हणून व्यवहारच झाला न्हाई.”

मग मी वाचायला बसलो. माळढोक अभयारण्य १९७९ साली जाहीर झालं, सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचं. सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली गावंच्या गावं त्यात आली. बहुतेक जमीन खासगी. खरेदी-विक्री, बांधकाम, सगळीकडे अडचण. लोकांना पक्षीच संकट वाटू लागला. पुढे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं.

गंमत अशी, की माळढोक दाट जंगलातला पक्षीच नाही. तो उघड्या माळावर आणि ज्वारी-भुईमुगाच्या रानात फिरतो, नाकतोडे खातो. मादी उघड्या जमिनीवर बहुतेक वेळा एकच अंडं घालते. म्हणजे त्याला शेतकऱ्याची साथ हवीच होती. ती मिळवण्याआधीच आपण बंधनं घातली. दरम्यान माळ कमी झाले, ऊस वाढला, विजेच्या तारा आल्या. आज माळढोक आपल्याकडे जवळजवळ दिसेनासा झालाय.

१९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार राष्ट्रीय उद्यानापेक्षा अभयारण्यात लोकांचे काही हक्क चालू राहू शकतात. २००२ च्या दुरुस्तीने तर सामुदायिक राखीव क्षेत्राची सोय केली. लोक स्वतःहून आपली जमीन संवर्धनासाठी देतात आणि तिच्या व्यवस्थापनात त्यांचे प्रतिनिधी असतात. हे आपण मुलांना कधी सांगतो का?

मी वर्गात त्या मुलाची माफी मागितली, पूर्ण गुण दिले. मग फळ्यावर गावाचा नकाशा काढला. शेतकरी, वनरक्षक आणि माळढोक, असे तीन गट केले. प्रत्येकाने आपली गरज मांडायची. तास संपला तरी वाद संपला नाही.

शिक्षकहो, पालकहो, हा खेळ तुमच्या गावाचा नकाशा घेऊन जरूर करून बघा. आणि फुली मारण्याआधी मुलाला एकदा विचारा, “असं का लिहिलंस रे बाळा?”