पोहरादेवीचे पाचशे रुपये

महाविद्यालय संपलं की समाजसेवेचा खर्च आपल्या खिशातून सुरू होतो, हे पदवीच्या वर्षांत कुणी सांगत नाही. मी राष्ट्रीय सेवा योजनेत होते. 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झालेली ही योजना अजून गावोगावच्या कॉलेजांत चालते. दोन वर्षांत 240 तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं निवासी शिबिर. शिबिराला न्यायची गाडी, मुक्कामाची शाळा, दोन वेळचं जेवण, फावडी-घमेली, सगळं आधीच ठरलेलं असायचं. आम्ही जायचं आणि काम करायचं. शेवटच्या वर्षाचा निकाल लागला आणि ती सोय थांबली. कामाची ओढ मात्र तशीच राहिली.

नागपुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरी लागली. हातात 16,500 रुपये पडायचे. खोलीभाड्यातला माझा वाटा 3,500, मेसचे 3,000, कारंज्याला घरी 5,000, शहरातल्या येण्याजाण्याचे 1,500, पोस्टातल्या आरडीचे 1,000, स्पर्धा परीक्षेचे फॉर्म आणि पुस्तकं धरून आणखी 1,000, मोबाइलचे 300. उरायचे 1,200. त्यात औषधपाणी, मैत्रिणीचं लग्न, तुटलेली चप्पल, आणि मला जी गावं बघायची होती तीही.

माझ्याबरोबरची काही मुलं तेव्हा डोंगरात जाऊन राहत होती. राहणं-खाणं फुकट, बदल्यात चार तास काम. मलाही जावंसं वाटायचं. हिशेब मांडला तेव्हा लक्षात आलं, की अडचण तिकिटाची कमी आणि सुट्टीची जास्त आहे. पगारी सुट्ट्या मोजक्या. त्या संपल्या की एका दिवसाचे 550 रुपये कापले जायचे. पंधरा दिवस बाहेर राहायचं म्हणजे 8,250 रुपये घरातून निघण्याआधीच गेले. प्रवासाचं अंदाजपत्रक करताना हा आकडा कुणी धरत नाही. गाडीभाडं, मुक्काम, जेवण एवढंच लिहितात. नवीन नोकरदाराचा सगळ्यात मोठा खर्च बुडालेल्या रोजाचा असतो, आणि रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाला ते पहिल्यापासून पाठ असतं.

मी कारंजा लाडची. पोहरादेवी आमच्याच वाशीम जिल्ह्यात, मानोरा तालुक्यात. बंजारा समाजाची काशी म्हणतात तिला. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे आणि जगदंबेचं देऊळ आहे. रामनवमीला मोठी यात्रा भरते. लहानपणी कारंज्याहून पांढरे झेंडे लावलेल्या गाड्या जाताना दिसायच्या, पण आमच्या घरातून कुणी तिथे गेलं नव्हतं. खोलीवरची माझी मैत्रीण मानोऱ्याजवळच्या एका तांड्यावरची. तिने 2023 च्या मार्चमध्ये विचारलं, "यात्रेत पाण्याच्या टेबलावर पोरी कमी पडतात. येतेस का?"

त्या वर्षी रामनवमी 30 मार्चला होती. महिलांना एसटीत अर्धं तिकीट 17 मार्चपासून सुरू झालं होतं, म्हणजे तेराच दिवस आधी. महिला सन्मान योजनेवर पुष्कळ बोललं-लिहिलं गेलं आहे. माझ्यापुरतं सांगते. नागपूर, यवतमाळ, दारव्हा, दिग्रस आणि पुढे पोहरादेवी असं गाड्या बदलत गेलं तरी जाऊन-येऊन पाचशेच्या आत बसायला लागलं. हातात 1,200 उरणाऱ्या मुलीला घराबाहेर पडायचं की नाही, हे त्या अर्ध्या तिकिटावर ठरत होतं. दिग्रसच्या स्टँडवर माझ्या शेजारी बसलेल्या बायाही तेच बोलत होत्या. एरवी घरातला एकच माणूस यात्रेला यायचा, यंदा सासू-सून दोघी निघाल्या होत्या.

मैत्रिणीच्या घरी पोचलो तेव्हा तिच्या आईने, सगळे तिला याडी म्हणतात, मला दारातच विचारलं, "पाहुनी म्हनून आली का कामाले?" मी म्हटलं, "कामाले." "मंग हात धू आन बस," ती म्हणाली. घरात आपसात बंजाऱ्यांची गोरबोली, माझ्याशी वऱ्हाडी. मी बरोबर दोन किलो तूरडाळ, एक लिटर तेल, साखर आणि चहा नेला होता. हे माझ्या आईचं शिकवणं. कुणाच्या घरी चार दिवस राहायचं तर पैसे हातात ठेवू नकोस, माणसाला लागतं. शिधा ने, तो चुलीवर जातो. याडीने डाळ घेतली, डब्यात ओतली आणि पिशवी घडी करून परत दिली. त्यावर एक शब्द बोलली नाही. मला ते फार आवडलं.

शिध्याचा खर्च 500 रुपयांच्या घरात जातो आणि तो मी प्रवासखर्चातच धरते. फुकट सेवा असं काही नसतं. स्वयंसेवक जिथे झोपतो तिथली सतरंजी कुणीतरी धुतो, तो जेवतो ते पीठ कुणीतरी दळून आणलेलं असतं. एप्रिलच्या तोंडावर वाशीम जिल्ह्यात पाण्याची एकेक घागर मोलाची. त्या दिवसांत मदतीला म्हणून आलेली शहरातली माणसं आंघोळीला बादलीभर पाणी मागतात, तेव्हा तो भार त्या घरावर पडतो. आपण जितकं घेणार त्याहून जास्त देऊन येता येईल का, हे निघण्याआधी वहीत मांडून बघावं, असं माझं ठाम मत आहे.

यात्रेतलं काम साधं असतं. वीस लिटरचे जार उचलून टेबलाशी आणायचे, पेले भरायचे, वापरलेले गोळा करायचे, उन्हाने घेरी आलेल्याला सावलीत बसवून ओआरएस द्यायचं. एक पाकीट एक लिटर पाण्यात, निम्म्यात नाही, आणि कालवलेलं पाणी दुसऱ्या दिवसासाठी ठेवायचं नाही. लॅबमध्ये काम केल्यामुळे हे एवढं तरी मी नीट करू शकत होते. दुपारी बारा वाजता, रामजन्माच्या वेळेला, गर्दी अशी दाटते की टेबल जागचं हलतं. फेटिया-काचळीच्या बंजारा पोशाखातल्या बाया, आरशांचं भरतकाम उन्हात चमकतंय, डोक्यावर भोगाचं साहित्य, कडेवर लेकरू. तेलंगणातून, आंध्रातून, कर्नाटकातून माणसं येतात. मला त्यांच्यातल्या कुणाची भाषा येत नव्हती, पण त्यांना एकमेकांची येत होती. राज्यं वेगळी, शाळेतली भाषा वेगळी, तरी गोरबोलीत सगळं सुरळीत चालायचं. हरवलेल्या मुलाचं नाव विचारायला मैत्रीण पुढे व्हायची आणि मी पाणी भरत राहायचे.

पाण्याच्या टेबलावर आमच्याबरोबर तेलंगणातून आलेली एक मुलगी होती, नुकतीच पदवीधर झालेली. ऊन उतरल्यावर आम्ही तिघी पैशांचं बोलायला बसलो, कारण त्या वयात दुसरं काय बोलणार. तिथे तिचा समाज अनुसूचित जमातीत. कर्नाटकातून आलेल्या तिच्या मावसबहिणीचा अनुसूचित जातीत. माझ्या मैत्रिणीचा महाराष्ट्रात विमुक्त जातींमध्ये. एकच देव, एकच बोली, लग्नसंबंधही एकमेकांत, आणि शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, नोकरीतल्या जागांचे नियम मात्र तीन. कॉलेज संपल्यावर कुणाच्या डोक्यावर किती कर्ज उरलं, यात त्या नियमांचा वाटा होता. तरुणांनी खर्चाचं नियोजन शिकावं असं सगळे सांगतात. शिकावंच. पण दोन मुली सारख्याच काटकसरी असून एकीकडे बचत उरते आणि दुसरीकडे उरत नाही, याचं कारण त्यांच्या वहीत सापडत नाही. ते त्यांच्या राज्याच्या यादीत असतं. त्या संध्याकाळपासून कुणालाही "उधळेपणा करू नकोस" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हिशेब खरा कसा ठेवायचा, ते मला पुसद भागातल्या एका तांड्यावरून आलेल्या आजीने दाखवलं. त्यांच्या तांड्यातून एकच टेम्पो आला होता. घरटी वर्गणी, पीठ-मीठ-तिखट ज्याचं त्याचं, सरपण सगळ्यांचं. तीन दगडांची चूल, वर पातेलं. आजी पाणी प्यायला टेबलाशी आली आणि सावली बघून टेकली. मी विचारलं, "एवढ्या जणींच्या यात्रेचे पैसे जमतात कसे?" ती म्हणाली, "कापसाच्या पयल्या वेच्याचे पैसे देवीचे. मंग लेकरायचे. मंग किराना." कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि पहिला वेचा दिवाळीच्या आसपास येतो. म्हणजे चैत्रातल्या यात्रेचे पैसे ही बाई पाच-सहा महिने आधी बाजूला काढत होती, आणि ते उरलेल्यातले नव्हते. ते पहिले होते.

बंजारा समाजाचा इतिहास शाळेत फार तर दोन ओळींत येतो. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून हे तांडे देशभर फिरायचे, नायकाच्या शब्दावर माल आणि माणसं चालायची. रेल्वे आली, पक्के रस्ते आले आणि तो व्यापार मोडला. पुढे 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक भटक्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं. ज्यांचं सगळं जगणंच प्रवास, काम आणि हिशेब यांवर उभं होतं, त्यांची ही नात-पणती. वाटखर्च आधी बाजूला काढायचा, एकट्याने न जाता मिळून जायचं, आपलं खाणं आपल्याबरोबर न्यायचं. पहिल्या पगारावरच्या तरुणाला यापेक्षा नेमकं शिक्षण कुठल्या पुस्तकात मिळेल असं मला वाटत नाही.

नागपूरला परतल्यावर मी वही नव्याने मांडली. पगार झाला त्याच दिवशी 500 रुपये वेगळ्या खात्यात टाकायला लागले. आरडीच्या आधी, फॉर्मच्या आधी. वर्षाचे 6,000 होतात. त्यात तिकीट, शिधा, दोन-तीन दिवसांचा कापलेला रोज आणि टेबलासाठी ओआरएसची पाकिटं बसतात, वर थोडे उरतात. उरलेल्या 700 रुपयांत महिना ओढताना त्रास होतो, तो होऊ देते. घरी आईला सांगितलं तेव्हा ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "देवाचे म्हणून काढतेस तर मोडू नको." मी ते मोडलेले नाहीत.

दुसरा निर्णय जास्त अवघड होता. दरवर्षी नवं गाव, नवं काम, नवा अनुभव ही इच्छा मी बाजूला ठेवली. 2024 ला रामनवमी 17 एप्रिलला आली, बुधवारी. पुन्हा पोहरादेवीलाच गेले, आणि फरक लगेच दिसला. पहिल्या वर्षी मला रस्ता दाखवायलाही एक माणूस लागत होता. आता टँकर कुठल्या बाजूने येतो, दुपारी सावली कुठे सरकते, उमरी गावाकडून येणारा लोंढा कधी वाढतो, हे ठाऊक होतं. जार ठेवायची जागा मी आदल्या संध्याकाळीच बदलून घेतली आणि दुपारी रांग तुंबली नाही. नवख्या स्वयंसेवकाचे पहिले दोन दिवस यजमानांचा वेळ खातात. तो वेळ फेडायचा तर परत जावं लागतं. खर्चाच्या बाजूनेही तेच. ओळखीचं घर, ओळखीचा रस्ता, किती लागतात ते माहीत असलेले पैसे. प्रवास, सेवा आणि पैसा यांचा मेळ मला जो काही बसवता आला, तो एकाच गावाला पुन्हा पुन्हा गेल्यामुळे.

2025 ला 25 जानेवारीपासून एसटीचं भाडं 14.95 टक्के वाढलं. पण रामनवमी 6 एप्रिलला रविवारी आली, त्यामुळे एक रोज वाचला आणि भाडेवाढ त्यातून निघाली. त्या खेपेला यात्रा संपल्यावर एक दिवस जास्त राहिले आणि नंगारा भवन पाहिलं. नंगाऱ्याच्या आकाराचं हे बंजारा विरासत संग्रहालय, चार मजले, तेरा दालनं. 5 ऑक्टोबर 2024 ला पंतप्रधानांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. याडी बरोबर आली होती. दालनात जुने दागिने मांडलेले पाहून ती थांबली, आपल्या आईकडे काय काय होतं आणि कुठल्या दुष्काळात काय मोडलं, ते एकेक करून सांगू लागली. मी फलक वाचायचं सोडलं आणि तिचंच ऐकत राहिले. पहिल्या वर्षी तिने मला हे सांगितलं नसतं.

नुकतीच पदवी घेतलेल्या मुला-मुलींना एक विनंती आहे. दूरच्या डोंगरात जायचं तर जरूर जा. पण पहिल्या पगारापासून एका गावाच्या नावाने थोडे पैसे काढा, 200 असोत की 500, आणि निदान तीन-चार वर्षं त्याच गावाला जा. पोहरादेवीच निवडलंत तर दिग्रस, मानोरा, वाशीम या तिन्ही बाजूंनी एसटीने येता येतं. टोपी, स्वतःची पाण्याची बाटली आणि दोन किलो डाळ बरोबर आणा. रामनवमीला दुपारी बारा ते चार या वेळेत पाण्याच्या टेबलावर माणसं कमी पडतात.